एगाशिरांच्या रक्तातला आकडा

१

गुरुवारी दुपारी प्रयोगशाळेतून कागद आला आणि योशिहारू एगाशिरा यांचं नाव यकृत बदलायच्या यादीतून गेल्यात जमा झालं.

कागदावरचे सगळे आकडे काळे, एकच तांबडा. अठराशे तीस. महिन्यापूर्वी त्याच जागी शहाण्णव होते.

डॉक्टर मियाजींनी तो कागद सेत्सुको फुकाहोरीच्या टेबलावर टाकला. शस्त्रक्रिया आटोपून ते तसेच आले होते. कपाळावर टोपीचा वळ होता.

"फुकाहोरी-सान, कुणीतरी रक्ताची नळी बदललीय."

"बसा तरी, सेन्सेई."

"बसलो तर उठणार नाही. तुम्हीच सांगा, महिन्याभरात एवढं चढतं का?"

"चढलेलं पाहिलंय मी."

"मीही पाहिलंय. पण मग फोटोत काहीतरी दिसतं. इथे गाठी दोनच. मोठी तीन सेंटिमीटरची, तसूभरही वाढलेली नाही. रक्तातली दुसरी खूण, तीही जिथल्या तिथे. आणि हाच एक आकडा असा उडी मारून बसतो?"

सेत्सुकोनं चष्मा पुसला. ती एकोणसाठ वर्षांची होती. या इस्पितळात यकृत देणारा, घेणारा आणि कापणारा या तिघांच्या मध्ये उभं राहण्याचं काम ती बावीस वर्षं करत होती. मार्चमध्ये निवृत्ती होती. दुपारनंतर पायांना सूज यायची आणि बुटांच्या नाड्या सैल कराव्या लागायच्या.

पूर्वी कर्करोगाच्या रोग्याला यकृत बदलून द्यायचं की नाही, हे गाठी मोजून ठरायचं. किती आहेत, केवढ्या आहेत. पण गाठीच्या आकारावरून तिचा स्वभाव कळत नाही. लहानशी गाठही जहाल निघते. पोरीनं बापाला यकृताचा तुकडा कापून द्यावा आणि वर्षाच्या आत त्या नव्या तुकड्यातही रोग उगवावा, असं सेत्सुकोनं तीन वेळा पाहिलं होतं. म्हणून आता रक्तातल्या खुणाही बघत. पिव्का ही त्यातली मोठी खूण, कागदावरचा तांबडा आकडा तिचाच. रक्त गोठवणारं एक प्रथिन यकृतात तयार होतं. ते पुरतं तयार न होता अर्धवटच बाहेर पडलं की त्याला पिव्का म्हणतात. कर्करोगाच्या पेशी असा अर्धवट माल रक्तात सोडत राहतात. या इस्पितळाचा नियम सरळ होता. पिव्का चारशेच्या वर गेलं की दार बंद.

"समिती पुढच्या शुक्रवारी बसतेय," मियाजी म्हणाले. "आकडा हाच राहिला तर मी हात वर करू शकत नाही. आणि यकृत नाही मिळालं तर या माणसाकडे वर्ष आहे. फार तर दीड."

"संशय कुणावर?"

मियाजी बोटांवर मोजू लागले. "हामासाकी. प्रयोगशाळेतला. मागे दोघांची लेबलं त्यानंच अदलाबदल केली होती. दुसरा तो जावई. बायकोनं बापाला यकृत द्यायला त्याचा विरोध आहे, आणि रक्त काढलं तेव्हा खोलीत होता. तिसरी मुलगी स्वतः. घाबरली असेल."

"घाबरली असेल तर मला येऊन नाही म्हणायचं. त्यासाठीच तर मी आहे."

ते खरंच होतं. देणाऱ्याला सेत्सुको एकट्याला गाठून विचारायची. तो नाही म्हणाला तर घरच्यांना एवढंच सांगितलं जायचं की शिरांची ठेवण जुळत नाही. का, कसं, कुणी विचारत नसे. घर मोडायचं वाचे.

"मग शोधा," मियाजी म्हणाले. "माझ्यात आता तेवढं त्राण नाही."

"माझ्यात आहे असं वाटतं का तुम्हाला?" सेत्सुको म्हणाली आणि नाड्या बांधून उठली.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी एगाशिरा खिडकीशी बसले होते. त्रेसष्ट वर्षांचे, मिठानं आणि वाऱ्यानं कातडं कमावलेले. आरियाके उपसागराच्या चिखलपाण्यात जाळी लावून नोरीचं शेवाळ पिकवण्यात जन्म गेला होता. उशाशी नोरीच्या वाळवलेल्या पानांचा पत्र्याचा डबा होता. येईल त्याला त्यातलं एक पान खायला लावल्याशिवाय ते सोडत नसत.

"पुन्हा रक्त? परवा तर नेलंत. डास पाळलेत का तुम्ही लोकांनी?"

"डास परवडले. ते फॉर्म भरायला लावत नाहीत. हात करा पुढे."

दोन्ही हातांवर काळेनिळे डाग होते. एक तर तळव्याएवढा.

"कुठे आपटलात?"

"कुठे नाही. म्हातारं कातडं, बाई. पिकलेल्या पर्सिमनला बोट लावलं तरी डाग पडतो ना, तसं."

यकृताच्या रोग्यांना डाग पडतातच. सेत्सुकोनं सुई घातली, नळी भरली, कापूस दाबला. कापूस लाल झाला. दुसरा दाबला, तोही झाला. ती पाच मिनिटं अंगठा दाबून बसली. समोर न्याहारीचा ट्रे होता. भात संपलेला, मासा साफ, सूपचा वाडगा चाटूनपुसून. फक्त नात्तोची डबी उघडलेली नव्हती. आंबवलेल्या सोयाबीनची ती चिकट, तारा सुटणारी डबी रोज सकाळी प्रत्येक ट्रेवर असायची.

"हे नाही खाल्लंत?"

"वास नको वाटतो हल्ली," एगाशिरा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

नळी तिनं कुणाच्या हाती दिली नाही. स्वतः मुठीत धरून तीन मजले खाली गेली.

हामासाकीनं तिला पाहिलं आणि यंत्रावरून हात काढले.

"या. आलातच. एक चूक केली मी, तीही दीड वर्षापूर्वी. थडग्यावरही तीच कोरणार आहात का?"

"तुला कुणी काही बोललंय का?"

"फुकाहोरी-सान, तुम्ही बावीस वर्षांत स्वतः नळी घेऊन कधी खाली आला होतात?"

ती स्टुलावर बसली. "मी इथेच बसते. तू तुझं काम कर. तुझ्याही भल्याचं आहे."

हामासाकीनं नळी उभी करून ठेवली. वेळ गेला. त्यानं ती उचलून तिरकी केली, पुन्हा ठेवली.

"हे बघा. या माणसाचं रक्त गोठायलाच तयार नाही. गोठल्याशिवाय मला पुढचं काही करता येत नाही. परवाही असंच झालं. मी चहा पिऊन आलो तरी पातळच."

"यकृत खराब आहे त्याचं. गोठवणारा माल तिथेच होतो."

"ते मलाही शिकवलंय. पण कारखानाच बसला असेल तर बाकीचा माल कसा वेळेवर निघतो? याची बाकीची प्रथिनं महिन्यापूर्वी होती तेवढीच आहेत. मी आपलं सांगून ठेवतो. उद्या म्हणाल, हामासाकीनं सांगितलं नाही."

संध्याकाळच्या आधी आकडा आला. नळी तिच्या नजरेआड एक क्षणही झाली नव्हती. दोन हजार चारशे साठ.

नळी कुणी बदलली नव्हती. आकडा एगाशिरांच्याच रक्तातला होता, आणि चढत होता.

३

जावई तेत्सुया तिला गाड्यांच्या तळावर सापडला. अंगावर समुद्रावरचे कपडे, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. हंगाम सुरू झाला होता. पहिली कापणी चालू होती. यंत्रातून घेतलेला कॉफीचा डबा त्यानं दोन्ही हातांत धरला होता, पण पीत नव्हता.

"मला वर बोलावतील तोवर इथेच थांबलोय," तो म्हणाला. "बुटांचा चिखल लागतो, नर्सबाई ओरडतात."

"तुम्ही रक्त काढताना खोलीत होतात."

"होतो. मग?"

"काही केलंत?"

तो हसला. त्यात हसू नव्हतं. "काय करणार? नळीवर थुंकणार? मी शेवाळ कापणारा माणूस. मला तुमचे आकडे कळत असते तर शेवाळ कापत बसलो असतो?"

"पण तुम्हाला हे नको होतं."

"नको होतं. अजूनही नकोय. कानाएचं पोट इथून इथवर फाडणार. आमची हाना चार वर्षांची आहे. कानाएला काही झालं तर तिला काय सांगू, आजोबा छान आहेत म्हणून?" त्यानं डबा गाडीच्या टपावर ठेवला. "आकडा चढला म्हणून कळलं तेव्हा मला हायसं वाटलं. मग स्वतःची लाज वाटली. एवढाच माझा गुन्हा. लिहून घ्या."

सेत्सुकोनं काही लिहिलं नाही.

"सासरे कसे वागले आकडा कळल्यावर?"

तेत्सुयानं विचार केला. "तेच मला कोडं आहे. कानाए रडत होती, मी भिंतीकडे बघत होतो. आणि बाबांनी उशी पाठीला नीट लावून घेतली आणि म्हणाले, चला, निकाल लागला एकदाचा. जाळं ओढून झाल्यावर म्हणतात ना, तसं."

४

कानाए खाली जेवणघरात उदोनच्या जाड शेवयांच्या सूपचा वाडगा पुढ्यात घेऊन बसली होती. तेहेतीस वर्षांची, मच्छीमार सहकारी संघाच्या कचेरीत काम करणारी, आवाजाची ठणठणीत मुलगी. आज आवाज बसला होता.

"तिसऱ्यांदा विचारायला आलात ना?" ती म्हणाली. "हो. हो. आणि हो."

"मी अजून तोंडही उघडलं नाही."

"तुम्हाला वाटतं मीच काहीतरी केलं. संघातल्या बायका म्हणतात, काय गुणाची पोरगी. आता म्हणतील, सुटली बिचारी." तिनं जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. "मला नाही सुटायचं."

सेत्सुकोनंही एक वाडगा घेतला होता. गरम सूप पोटात गेल्यावर पाय जरा हलके वाटले. संशयित तीन, आणि तिघांच्याही तोंडून खरंच येत होतं. असं प्रकरण तिला आवडत नसे.

"बाबा जेवतात का नीट?" ती म्हणाली, काहीतरी बोलायचं म्हणून.

"जेवतात. नात्तो तेवढं सोडलंय. मी घरून त्यांच्या आवडीचं, बारीक दाण्याचं आणते, तेही तसंच परत. तीन आठवडे झाले. आधी रोज लागायचं! आई गेल्यापासून एक सकाळ चुकवली नाही त्यांनी."

"आई गेल्यापासून?"

"आई होती तोवर आमच्या घरात नात्तो येतच नसे. तिला बंदी होती. मग बाबाही खात नसत. तिच्यासमोर बसून कसं खायचं, म्हणायचे. आई गेली त्या महिन्यात बाबांनी पहिल्यांदा विकत आणलं, आणि डबी उघडून रडत बसले."

सेत्सुकोचा वाडगा तोंडापाशीच थांबला.

"आईला बंदी कशामुळे?"

"हृदयाचे ठोके चुकायचे तिचे. रक्त पातळ करायची गोळी होती ना." कानाएनं तिच्याकडे पाहिलं. "काय झालं, फुकाहोरी-सान?"

सेत्सुकोनं वाडगा खाली ठेवला. उदोन अर्धं तसंच राहिलं.

५

इथे ही गोळी घेणाऱ्या प्रत्येक माणसाला औषधवाला पहिलं वाक्य सांगतो ते हेच: नात्तो बंद. त्यात के जीवनसत्त्व भरपूर असतं, आणि गोळीचं काम तर के जीवनसत्त्वाला रोखण्याचं. ते रोखलं की यकृताला रक्त गोठवणारं प्रथिन पुरतं तयार करता येत नाही. अर्धवट माल बाहेर पडतो. कर्करोगाच्या पेशी सोडतात तोच, अगदी तसाच. यंत्राला दोन्हींतला फरक कळत नाही.

हे सेत्सुकोला आज कळलं असं नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी तिनंच एगाशिरांना समोर बसवून सत्तर प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला होता. तिचा सतरावा प्रश्न ठरलेला होता आणि त्यापुढचं वाक्यही ठरलेलं. रक्त पातळ करायची गोळी घेता का? घेत असाल तर सांगा, कारण त्यानं हा आकडा खोटा चढतो. एगाशिरा म्हणाले होते, मी नाही, बायको घ्यायची. तिनं 'नाही'वर खूण केली आणि अठराव्या प्रश्नाकडे वळली.

तिनं हामासाकीला फोन केला. "गोठवणारे घटक वेगवेगळे मोजता येतील?"

"येतील. कुठले?"

"के जीवनसत्त्वावर चालणारे. आणि एक त्याच्याशिवाय चालणारा. पाचवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं. यकृतच थकलं असतं तर सगळेच घटक सारखे खाली आले असते. इथे के जीवनसत्त्वावरचे सगळे तळाला गेले होते आणि पाचवा ठणठणीत होता.

"मी म्हटलं नव्हतं?" हामासाकी म्हणाला.

"म्हटलं होतंस. आणि मियाजी-सेन्सेईंना मी सांगेन, तू म्हटलं होतंस."

ती एगाशिरांच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. खुर्ची ओढली. बसली. खोलीत घरून आणलेली वस्तू एकच होती. मग म्हणाली, "नोरीचा डबा द्या."

"पान हवंय?"

"पानांखालचं हवंय."

एगाशिरांनी डबा उचलून तिच्या मांडीवर ठेवला. पानांखाली कागदात गुंडाळलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या होत्या. औषधाच्या जुन्या पाकिटावर अजून बायकोचं नाव होतं, फुमिए एगाशिरा.

"कसं ओळखलंत?"

"तुम्ही नात्तो सोडलंत."

"पाकिटावर लिहिलंय. नात्तो खाल्लं तर गोळी चालत नाही."

"अहो, लपवाछपवी करायची आणि वर सूचनाही पाळायच्या? थोडं खाल्लं असतंत तर मला कधी कळलं नसतं."

"जे काम करायचं ते नीट करावं," एगाशिरा म्हणाले, आणि स्वतःशीच थोडं हसले.

सेत्सुकोला हसू आलं नाही. "तुमच्या अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या आहेत. त्यातली एक फुटली असती तर रक्त थांबलंच नसतं. कानाए डबा घेऊन आली असती आणि तिला काय बघायला मिळालं असतं?"

हे त्यांना ठाऊक नव्हतं. चेहऱ्यावरून कळलं. ते हातावरचे डाग बघत राहिले.

"सरळ नको म्हणायचं होतंत," ती म्हणाली.

"म्हटलं. तीनदा म्हटलं. पहिल्यांदा रडली. दुसऱ्यांदा चार दिवस बोलली नाही. तिसऱ्यांदा म्हणाली, आईच्या वेळी मला काही करता आलं नाही, आता तुम्ही करू देत नाही." त्यांनी बाही ओढून डाग झाकले. "मी नको म्हणून मेलो तर ती जन्मभर म्हणत राहील, मी आणखी हट्ट करायला हवा होता. आकड्यानं नको म्हटलं तर कुणाचाच दोष नाही. मी म्हातारा आहे, फुकाहोरी-सान. माझी कापणी झाली. तिचं पोट फाडून मला आणखी चार हंगाम नकोत."

"चार नाही. वीसही होतील."

"वीस हंगाम तिच्या पोटावरचा व्रण बघायचा?"

खिडकीखालच्या रस्त्यावरून शाळेची बस गेली.

"एक विचारू?" एगाशिरा म्हणाले. "आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. देणाऱ्याला भीती वाटली तर तुम्ही लोक खोटं सांगता. शिरा जुळत नाहीत म्हणता. त्याला वाट काढून देता. मग घेणाऱ्याला का नाही? मी तुमच्याकडे एवढंच मागतो. गप्प बसा."

बावीस वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. ती डबा घेऊन उठली.

६

गप्प मात्र ती बसली नाही. मियाजींनी सगळं ऐकलं, दोन्ही हातांनी तोंड चोळलं आणि पहिल्यांदाच खुर्चीत बसले.

"नवऱ्यासाठी बायका खोटं बोललेल्या पाहिल्या," ते म्हणाले. "आईसाठी मुलं. पण स्वतःचाच कर्करोग वाढवून दाखवणारा हा पहिलाच."

के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन त्याच दिवशी सुरू झालं. समितीची बैठक पंधरा दिवस पुढे गेली. कुठल्याही आकड्याच्या आधी एगाशिरांनी कानाएला स्वतः सांगायचं, ही सेत्सुकोची अट होती. त्या खोलीत काय झालं ते तिला कळलं नाही. बाहेर बाकावर तेत्सुया होता, आज साध्या बुटांत. आतून कानाएचा आवाज आला, ठणठणीत, शिव्यांसकट. तेत्सुयानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

आकडा उतरत गेला. अकराशे, चारशे सत्तर, दोनशे बारा, शेवटी एकशे चार. गाठी दोनच होत्या, तेवढ्याच. मनोविकाराचे डॉक्टर एगाशिरांशी दोन तास बोलले. समितीनं तासभर वाद घातला आणि होकार दिला.

एकच काम उरलं होतं. शस्त्रक्रियेची तारीख लागण्याआधी देणारीला शेवटचं विचारायचं, एकटीला, दार लावून. सेत्सुकोनं कानाएला आपल्या छोट्या खोलीत बसवलं आणि फॉर्म पुढे ओढला.

"मी नाही म्हटलं तर बाबांना काय सांगाल?" कानाएनं विचारलं.

"शिरा जुळत नाहीत."

"त्यांना लगेच कळेल. असल्या कामात ते आता तरबेज झालेत." ती हसली आणि डोळे पुसले. "फुकाहोरी-सान, त्यांना आत बोलवा ना."

"नियमात बसत नाही. तुम्हाला एकटीलाच विचारायचं असतं, कुणाचं दडपण नको म्हणून."

"एकटीला विचारून विचारूनच इथवर आलो ना आपण? मला एका खोलीत, त्यांना दुसऱ्या खोलीत. कोण कुणासाठी काय गिळतंय, कुणालाच पत्ता नाही."

सेत्सुकोनं फॉर्मकडे पाहिलं. मग उठली, वॉर्डात गेली आणि एगाशिरांना हाताला धरून घेऊन आली. तिसरी खुर्ची नव्हती. तिनं आपली त्यांना दिली आणि स्वतः कपाटाला टेकून उभी राहिली.

"कानाए-सान, तुम्ही यकृत द्यायला तयार आहात का?"

"भीती वाटते," कानाए म्हणाली. ती बापाकडे बघत होती. "रोज पहाटे जाग येते आणि पोटावर हात जातो. हानाचा चेहरा दिसतो. हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं, बाबा. आणि तरी हो."

सेत्सुकोनं लिहून घेतलं. फॉर्म तिथेच संपत होता. खाली सही, शिक्का, तारीख.

तिनं पेन बंद केलं नाही.

"एगाशिरा-सान, तुम्ही घ्यायला तयार आहात का?"

एगाशिरांनी वर पाहिलं. हा प्रश्न आपल्याला आहे हे समजायला त्यांना वेळ लागला. मग ते मुलीकडे वळले.

"व्रण दुखला तर मला सांगशील? हसून दडवणार नाहीस?"

"तुम्ही सांगाल? काही गिळण्याआधी?"

"सांगेन."

"मग मीही सांगेन."

एगाशिरांनी गुडघ्यांवर हात ठेवले आणि जागच्या जागी वाकून मान लववली. आधी मुलीपुढे, मग सेत्सुकोपुढे.

"घेतो," ते म्हणाले.

सेत्सुकोनं ते समासात लिहिलं, कारण त्यासाठी फॉर्मवर जागा नव्हती.